प्रवेश मिळाल्यानंतर : अमेरिकेतील लॉ स्कूलचा मेळावा

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण आपल्यासारखे बारावीनंतर सुरू होत नाही. आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि नंतर लॉ स्कूलमध्ये तीन वर्षे काढल्यावर जे.डी. ही पदवी मिळते. प्रवेशाची पत्रे बहुधा हिवाळ्यात येऊ लागतात. मग साधारण मार्च-एप्रिलमध्ये लॉ स्कूल निवडलेल्या विद्यार्थ्यांना एक-दोन दिवसांसाठी आपल्याकडे बोलावते. या मेळाव्याला 'ॲडमिटेड स्टुडंट्स डे' असे म्हणतात. नाव ऐकून ही मुलाखतीची आणखी एक फेरी असावी, असा आपल्याकडील विद्यार्थ्यांचा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः निवड होऊन गेलेली असते. आता विद्यार्थ्याने आपल्याकडेच यावे म्हणून लॉ स्कूलची धडपड चाललेली असते.

याचे कारण गुणांत आहे. एलसॅट या प्रवेश परीक्षेत १२० ते १८० या पट्टीवर गुण मिळतात. नव्या वर्गातील बरोबर मधल्या विद्यार्थ्याचे गुण किती, हे प्रत्येक लॉ स्कूल जाहीर करते व क्रमवारी लावणारे तो आकडा हिशेबात धरतात. त्यामुळे चांगल्या गुणांचा विद्यार्थी एकाच वेळी चार ठिकाणी हवा असतो आणि त्याला ओढण्यासाठी शिष्यवृत्ती देऊ केली जाते. आपल्याकडे शिष्यवृत्ती म्हटली की डोळ्यांपुढे गरीब व होतकरू विद्यार्थी येतो. तिकडची ही शिष्यवृत्ती बरीचशी गुणांची किंमत असते, हे आधी ध्यानात घ्यावे.

मेळाव्यात ग्रंथालय दाखवतात, जेवण देतात, माजी विद्यार्थ्यांची भाषणे होतात. यातले पाहण्यासारखे म्हणजे नमुन्याचा तास. हार्वर्डमध्ये १८७० पासून लँगडेल यांनी खटले वाचून कायदा शिकवण्याची पद्धत रुजवली, ती आजही चालते. प्राध्यापक व्याख्यान देण्याऐवजी एकेकाला उभे करून निकालपत्रावर प्रश्न विचारत जातात. ज्याला चारचौघांत बोलण्याचा संकोच आहे, त्याने हा तास जरूर पाहावा. दुसरे म्हणजे तिथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना बाजूला घेऊन विचारपूस करावी. छापील माहितीपत्रकापेक्षा त्यांच्याकडून जास्त कळते.

परंतु खरा प्रश्न विचारायचा तो शिष्यवृत्तीच्या अटीचा. बँकेत नोकरी करणाऱ्याला कागदाची मागची बाजू आधी वाचायची खोड असते. इथे ती उपयोगी पडते. काही लॉ स्कूल अशी अट घालतात की, पहिल्या वर्षी अमुक श्रेणी किंवा वर्गात अमुक क्रमांक राखला तरच पुढील दोन वर्षे शिष्यवृत्ती चालू राहील. पदवीला नेहमी वरच्या वर्गात आलेल्या मुलाला ही अट किरकोळ वाटते. पण पहिल्या वर्षाच्या श्रेणी बहुतेक ठिकाणी ठरावीक प्रमाणातच वाटल्या जातात. सर्वांनी उत्तम पेपर लिहिले तरी सर्वांना वरची श्रेणी मिळत नाही.

समजा, वर्गात २०० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी १२० जणांना 'वरच्या अर्ध्यात राहा' या अटीवर शिष्यवृत्ती दिली. वरच्या अर्ध्यात जागा १००. म्हणजे शिष्यवृत्ती नसलेला एकही विद्यार्थी वर आला नाही, तरी २० जणांची शिष्यवृत्ती जाणारच. आणि अभ्यासाला बसलेले उरलेले ८० जण काही मागे राहायला आलेले नसतात!

२०११ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या प्रकारावर सविस्तर लिहिले होते. आता अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या लॉ स्कूलला दरवर्षी ५०९ क्रमांकाच्या नियमानुसार माहिती जाहीर करावी लागते. किती जणांना अटीची शिष्यवृत्ती दिली आणि किती जणांची कमी झाली वा बंद झाली, हे आकडे त्यात असतात. पुष्कळ लॉ स्कूल अशी अट घालतच नाहीत, तेही त्यातूनच समजते. मेळाव्याला जाण्यापूर्वी हा अहवाल वाचलेला असावा.

परदेशी विद्यार्थ्याला तर याचा दुहेरी फटका. व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद मिळवताना पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवली की भागते. घरच्यांना वाटते, पैशांची सोय झाली. शिष्यवृत्ती मात्र तुटते ती दुसऱ्या वर्षी, शिक्षण अर्धवट असताना. बाबासाहेब १९१६ साली लंडनला ग्रेज इनमध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले. पगारातून पैसे साठवून, शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेऊन १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. मधली तीन वर्षे अशी गेली.

नोकरीचे आकडेही तपासून घ्यावेत. पदवीनंतर साधारण दहा महिन्यांनी किती जण कामाला लागले, हे जाहीर होते. त्यात वकिलीची परवानगी आवश्यक असलेल्या नोकऱ्या किती आणि इतर किती, ते वेगळे विचारावे. एकत्र टक्केवारी नेहमी गोड दिसते.

येथे एल.एल.बी. झालेले विद्यार्थी बहुधा एक वर्षाच्या एल.एल.एम.साठी जातात. त्यांना तीन वर्षांच्या अटीचा प्रश्न येत नाही, पण बाकीचे प्रश्न तेच. न्यूयॉर्क राज्यात ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या परदेशी विधी पदवीधराला एल.एल.एम.नंतर बारची परीक्षा देता येते; त्यासाठी लागणारे विषय अभ्यासक्रमात आहेत का, हे आधीच विचारून ठेवावे. मेळाव्यासाठी विमानखर्च करून जाण्याची गरज नाही. २०२० च्या साथीत हे मेळावे संगणकावर भरले आणि काही ठिकाणी ती सोय पुढेही राहिली. नसेल तर प्रवेश कार्यालयाला पत्र लिहावे.

दुसऱ्या लॉ स्कूलने जास्त रक्कम देऊ केली असेल, तर ते पत्र जोडून फेरविचाराची विनंती करण्यात काही कमीपणा नाही. तिकडे तो रिवाजच आहे. मात्र ही विनंती जागा राखण्याची अनामत भरण्यापूर्वी करावी. ती रक्कम बहुधा परत मिळत नाही, आणि एकदा भरली की वाढवून मागायला जोर राहत नाही. अट काढून टाकल्याचे तोंडी सांगितले असेल, तर तेही लेखी मागून घ्यावे.