घरचा बोजा : काढणारा एक, फेडणारा दुसरा

मृग लागला कीं हदगांव तालुक्यांत बियाण्याची व खताची धांवपळ सुरू होते, आणि तिच्याबरोबर पैशाचीहि. पैनगंगेच्या कांठीं ऊस व हळद, माळावर कापूस व सोयाबीन. पीक कोणतेंहि असो, त्याच्या आधीं कर्ज उभें राहतें. या कर्जाविषयीं पुष्कळ लिहिलें व बोललें जातें. परंतु तें घरांत आल्यावर कोणाच्या माथीं बसतें, याचा विचार क्वचितच होतो. नवरा-बायकोपैकीं एकानें कर्ज काढावें आणि फेडीची चिंता दुसऱ्यावर टाकून आपण निर्धास्त राहावें, असा प्रकार घरोघर आढळतो. त्याविषयींच चार शब्द वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

महसूल खात्यांत आमचा बराच काळ सातबाऱ्याच्या व फेरफाराच्या कागदांत गेला. कर्ज झालें म्हणजे 'इतर हक्क' या रकान्यांत बोजा चढे. फिटल्याचा दाखला आला म्हणजे तो कमी होई. उताऱ्यावर नांव बहुधा पुरुषाचें. परंतु बोजा कमी करण्यासाठीं येणारांत, पदराच्या गांठींतून पावत्या सोडून दाखविणाऱ्या बायाहि पुष्कळ असत. त्यांतील एकीस आम्हीं सहज विचारलें, "मालक कां नाहीं आले?" ती म्हणाली, "साहेब, काढायला ते आलते, फेडायला मी आले."

तें ऐकून आम्ही हसलों. तें उत्तर आमच्याहि घरास लागू आहे, हें कळावयास पुढें दोन वर्षें लागलीं. मुलीचें लग्न व विंधन विहीर यांसाठीं आम्हीं एका पतसंस्थेंतून कर्ज काढलें होतें. विहिरीस पाणी लागलें नाहीं. हप्त्याचा विषय निघाला कीं "पुढच्या महिन्यांत पाहूं" असें म्हणून आम्ही उठून जात असूं. पगारांतील ठराविक रक्कम घरांत दिली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी आमची समजूत. मधली तूट कशी भरली जाते, याची आम्हीं कधीं चौकशी केली नाहीं. एके दिवशीं कुटुंबाच्या हातांत पाटल्या दिसल्या नाहींत. विचारतां तिनें फडताळांतून एक वही काढून आमच्यापुढें ठेवली. तींत चौदा महिन्यांचा हिशेब होता. दूध विकलें, शिलाई घेतली, बचत गटांतून उचल केली, शेवटीं पाटल्या गहाण ठेवल्या. एकाहि पानावर आमच्याविषयीं तक्रार नव्हती. तेंच आम्हांस अधिक लागलें. परक्यांच्या उताऱ्यांवरील बोजे आम्हांस तोंडपाठ होते. स्वतःच्या घरचा बोजा मात्र त्या वहीनें कळला.

कर्जदारास सावकारापासून वांचविण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. आपला भाग तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. तेथें १३४९ फसलींत सावकारीचा कायदा झाला. आज २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागू आहे. त्याखालीं शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर सालीना ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, एवढेंच व्याज घेतां येतें. "शेंकडा पांच" म्हणून जें महिन्याचें व्याज गांवांत चालतें, तें वर्षाचे ६० टक्के होतें, हें किती घरांत मोजलें जातें? अशा विनापरवाना सावकाराची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करितां येते.

परंतु हे सारे कायदे सावकार व कर्जदार यांच्यामधले. नवरा व बायको यांच्यामधला हिशेब कोणताहि निबंधक तपासीत नाहीं. म्हणून कायद्याच्या कांहीं गोष्टी दोघांनींहि जाणून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट अशी कीं, केवळ लग्न झालें म्हणून एकाचें कर्ज दुसऱ्याच्या अंगावर येत नाहीं. तें येतें सहीनें. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "नुसती सही तर करायची" या वाक्यानें जितकीं घरें बसलीं, तितकीं अवर्षणानेंहि बसलीं नसतील. दुसरी गोष्ट, कर्जदार मरण पावल्यास वारसांवर देणें येतें तें वारशानें मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेंतच. तिसरी गोष्ट, स्त्रीधन हें बायकोचें स्वतःचें असून तें दिल्यानें नवऱ्याचें होत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं दिला आहे. अडचणींत तें वापरलें, तरी परत करण्याचें ऋण राहतेंच. चौथी गोष्ट, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणें शेतकऱ्याचीं शेतीचीं अवजारें, जरूरीचीं जनावरें व बियाणें, स्वयंपाकाचीं भांडीं आणि धर्मरूढीप्रमाणें बाईनें अंगावेगळा न करावयाचा दागिना यांवर हुकूमनाम्याची जप्ती येत नाहीं. वसुलीच्या नुसत्या दमानें मंगळसूत्र काढून देण्याचें कारण नाहीं.

हल्लीं एक उलटा प्रकारहि दिसतो. सूक्ष्म वित्त संस्था बायांचे गट करून कर्ज देतात. सही बायकोची, पैसा नवऱ्याच्या हातीं, आणि हप्त्याच्या दिवशीं गटांतील शेजारणींसमोर मान खालीं घालावयाची तीहि बायकोनेंच. एक फेडण्यास दुसरें, दुसऱ्यास तिसरें असें हें वाढतें. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं असा नियम केला कीं, ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत आहे त्यास दिलेलें विनातारण कर्ज हें सूक्ष्म कर्ज समजावें, आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊं नयेत. येथें कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुलें. बँकेनें जें एकत्र मोजण्यास सांगितलें, तें आपण चुलीपाशीं एकत्र मोजीत नाहीं, हें नवल होय.

मग करावें काय? आमच्या अनुभवाची गोष्ट सांगतों. प्रथम सर्व देणें एका कागदावर मांडावें: कोणाचें, किती, व्याज काय, सही कोणाची, तारण कोणतें. हातउसनें व दुकानाची उधारीहि त्यांत यावी. नंतर ज्यास व्याज अधिक तें आधीं फेडावें. मात्र पीक कर्जाची मुदत चुकवूं नये, कारण मुदतींत फेडणारास तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याजाची सवलत राज्यानें २०२१ सालीं जाहीर केली आहे. एक दिवस चुकला तर ती जाते. तिसरें, दोघांच्या संमतीवांचून नवी सही करावयाची नाहीं, असा घराचा ठराव असावा.

जोडीदार ऐकतच नसेल तर? भांडण वाढविण्याआधीं त्याच्या मानांतील एखाद्या वडील माणसास मध्यें घालावें, व शब्दांऐवजीं कागद पुढें ठेवावा. आंकड्यांशीं वाद घालणें कठीण असतें. तरीहि उपयोग न झाल्यास कमावत्या बाईनें आपलें बँकेंतील खातें स्वतंत्र ठेवावें व जामिनाची सही स्पष्ट नाकारावी. स्त्रीधन बळकावणें किंवा घरखर्च अडवून धरणें हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानें आर्थिक छळ ठरतो. विधि सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यान्वयें कोणत्याहि स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीहि असलें तरी, वकिलाचें साहाय्य मोफत मिळतें. तालुक्याच्या न्यायालयांत याची समिती असते.

आणखी एक गोष्ट पुरुष वाचकांसाठीं. १९८६ सालीं चांदवड येथें शेतकरी संघटनेचें महिलांचें मोठें अधिवेशन भरलें, पुढें श्री. शरद जोशी यांनीं 'लक्ष्मीमुक्ति'ची हांक देऊन बायकोच्या नांवें जमीन करून देण्यास शेतकऱ्यांस प्रवृत्त केलें. १९९२ सालीं शासनानेंहि पतीच्या अर्जावरून पत्नीचें नांव सातबाऱ्यावर घेण्याविषयीं परिपत्रक काढलें. आमच्या टेबलावर असे अर्ज फार थोडे आले. जिचें नांव उताऱ्यावर असतें, तिला विचारल्यावांचून तिच्या वांट्याची जमीन गहाण पडत नाहीं. सबब कर्ज काढण्यापूर्वींच घरांत बोलणें होतें. आम्हींहि हा अर्ज केला, पण पाटल्या गेल्यानंतर. हें सांगतांना संकोच वाटतो.

हल्लीं आमच्या घरीं दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ती वही उघडली जाते. एक पान तिच्या अक्षराचें, एक आमच्या. पाटल्या सुटून आल्या आहेत; पतसंस्थेचे कांहीं हप्ते अजून बाकी आहेत. कर्ज पूर्वीपेक्षां हलकें झालें असें नाहीं, व्याज तेंच, पाऊसहि तसाच लहरी. परंतु पूर्वीं रात्रीं एकजण जागें असे. आतां दोघें मिळून हिशेब करितों आणि दोघेंहि झोंपतों. ज्या घरीं अद्याप एकटेंच कोणी जागें असेल, त्या घरच्या दुसऱ्या माणसानें आज सायंकाळीं वही मागून घ्यावी, एवढीच आमची विनंति आहे.