पानेवाडी : मनमाडच्या तेलवाटेवर

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेस, अंकाई-टंकाईच्या जुळ्या दुर्गांच्या सान्निध्यात वसलेले मनमाड, जेथून मुंबई-भुसावळ लोहमार्गाचा एक फाटा दौंडाकडे आणि दुसरा मराठवाड्यातून हैदराबादच्या मुलखाकडे वळतो, ते बहुतेक प्रवाशांस गाडी बदलण्याचे स्थानक म्हणूनच परिचित आहे. त्याच्या निकटची पानेवाडी कोणी मुद्दाम पाहावयास जात नाही. मुंबईहून २५२ किलोमीटरच्या भूमिगत वाहिनीतून मनमाडास पोहोचणारे इंधन येथील आगारांत साठते आणि टँकरांच्या रांगांनी दूरदूरच्या तालुक्यांत पांगते.

अशा मालाभोवती गुन्हेगारी फोफावणे नवे नाही. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली, तेव्हा हातभट्टीच्या धंद्याभोवती पैसा, दहशत आणि लाचलुचपत यांचे जाळे विणले गेले. पानेवाडीच्या परिसरातील द्रव निराळा होता, त्यावर बंदीही नव्हती. परंतु २०११ च्या सुमारास गोरगरिबांच्या चुलीसाठी शिधापत्रिकेवर लिटरमागे सुमारे १२ रुपयांस मिळणारे रॉकेल आणि ४० रुपयांच्या आसपास विकले जाणारे डिझेल, या दोन दरांतील तफावतीतच एका गुन्हेगारी व्यवसायाचे भांडवल होते. आगारातून भरून निघालेला टँकर आडबाजूच्या ढाब्यामागे थांबवावा, त्यातील डिझेल उपसून घ्यावे, आणि तितकेच रॉकेल मिसळून तो पुढे रवाना करावा, इतकी ती रीत सोपी होती. भेसळीने शेतकऱ्याच्या पंपाचे इंजिन झिजे, आणि ज्या घराच्या हक्काचे ते रॉकेल, तेथील चूल मात्र सरपणावरच राही.

२५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दुपारी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे पानेवाडीच्या रस्त्याने जात असता एका ढाब्यापाशी उभ्या टँकरांनी त्यांचे लक्ष वेधले. ते गाडीतून उतरले आणि चाललेल्या प्रकाराचे मोबाइलवर चित्रण करू लागले. पाहून न पाहिल्यासारखे करणे त्यांना सहज शक्य होते. तसे त्यांनी केले नाही, यातच त्यांच्या कर्तव्यबुद्धीची थोरवी आहे. भेसळ करणाऱ्या टोळीने त्यांना गाठून मारहाण केली, अंगावर रॉकेल ओतले आणि जिवंत जाळले. प्रमुख आरोपीही त्याच आगीत होरपळून काही दिवसांनी मरण पावला.

त्याच्या काही वर्षे आधी, भेसळ पकडली म्हणून इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात खून झाला, तो नोव्हेंबर २००५ मध्ये. म्हणजे या धंद्याची क्रूरता सरकारदरबारी अज्ञात नव्हती. सोनवण्यांच्या हत्येनंतर २७ जानेवारीस राज्यातील शासकीय कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले, तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि तेलमाफियांवर राज्यभर छापे पडले. हे छापे एका निष्ठावंत अधिकाऱ्याचा बळी जाण्यापूर्वीच पडावयास हवे होते.