गिनीपिगचे तुटलेले दांत

पाताळगंगेच्या परिसरांत, खालापूर तालुक्यांत, रसायनी ही कारखान्यांची वसाहत आहे. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी 1960 सालीं स्थापन झाली व तिच्या कारखान्याबरोबर येथील वस्ती वाढत गेली. अशा वसाहतीच्या एखाद्या घरीं मुलांच्या हौसेखातर गिनीपिग पाळलेला असावा, आणि एका संध्याकाळीं तो मुलाच्या हातांतून निसटून फरशीवर पडावा, ही गोष्ट सहज घडण्यासारखी आहे. ओठाला थोडें रक्त दिसतें. वरचे दोन्ही दांत निम्म्यावर तुटलेले असतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं काकडीची फोड पुढें ठेवली, तर तो ती हुंगतो आणि तोंड फिरवितो. घरांत दोन मतें पडतात. एक म्हणतो, आतां हा जगत नाहीं. दुसरा म्हणतो, दांत पुन्हा येतात, काळजीचें कारण नाहीं. दुसऱ्याचें म्हणणें खरें असतें, परंतु अर्धेंच. आणि त्या अर्ध्या सत्याच्या भरंवशावर राहिल्यानें कित्येकदां प्राणी हातचा जातो.

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतप्रदेशाचा. त्याच्या तोंडांत एकंदर 20 दांत असतात. पुढें वर दोन व खालीं दोन असे चार छेदक दांत. मग सुळे नसल्यामुळें मोकळी जागा. आणि आंत गालांच्या बाजूस 16 दाढा. माणसाचे दांत एकदां पूर्ण वाढले म्हणजे थांबतात. गिनीपिगचे सर्वच दांत जन्मभर मुळापासून वाढत राहतात, व एकमेकांवर घासून झिजत असल्यामुळें त्यांची लांबी कायम राहते. म्हणूनच तुटलेला छेदक दांत, मूळ शाबूत असल्यास, बहुधा दोन ते तीन आठवड्यांत पूर्वीच्या लांबीस येतो.

पण पोटाला इतके दिवस थांबतां येत नाहीं. हा प्राणी दिवसा व रात्रीं थोडें थोडें सारखें खात असतो. चोथा आंत जात राहिला तरच त्याचें आंतडें चालतें. तो थांबला कीं आंतडें मंदावतें, पोटांत वायु धरतो, भूक आणखी मरते, आणि एक दिवसाच्या उपासानेंही जीव धोक्यांत येतो. दांताचा हिशेब आठवड्यांचा आहे, पोटाचा तासांचा. या दोहोंमधलें अंतर घरच्या माणसांनीं भरून काढावयाचें, हेंच या शुश्रूषेचें सारें सार.

प्रथम प्राण्यास मऊ पंचांत गुंडाळून उजेडांत त्याचें तोंड पाहावें. रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाची घडी हलक्या हातानें दाबून धरावी. दांत सरळ तुटला कीं तिरपा, हिरडीपर्यंत गेला काय, मध्यें गुलाबी ठिपका दिसतो काय, हें नीट न्याहाळावें. गुलाबी ठिपका म्हणजे दांतांतील नाजूक गर उघडा पडल्याची खूण होय. तसें असेल, रक्त थांबत नसेल, लाळ गळत असेल, जबडा सुजला असेल किंवा बारा तासांत प्राण्यानें कांहींच खाल्लें नसेल, तर पशुवैद्याकडे नेण्यास विलंब लावूं नये. उरलेलें टोक नखें कापण्याच्या कात्रीनें सारखें करण्याचा मोह मात्र टाळावा. त्यानें दांत उभा चिरतो. पशुवैद्य तें काम लहान फिरत्या चाकानें घासून करतात.

साधा तुटलेला दांत असेल, तर खरें काम स्वयंपाकघरांत आहे. छेदक दांत तोडण्यासाठीं व दाढा चावण्यासाठीं असतात. तोडण्याचें साधन गेलें, तरी चावण्याचें शिल्लक असतें. म्हणून तोडण्याचें काम माणसानें करावें. गाजर व काकडी किसावी किंवा त्यांच्या काड्यांसारख्या बारीक पट्ट्या कराव्यात. हरळी व कोथिंबीर धुऊन निथळून बोटभर लांब कापावी, आणि पट्टी तोंडाच्या बाजूनें, मोकळ्या जागेंतून आंत सरकवावी. मऊ वाळलेलें गवत सदैव समोर असावें, कारण दाढांची झीज त्यानेंच होते. नळीच्या बाटलींतून पाणी पितां येत नसेल, तर उथळ वाटी ठेवावी.

एवढ्यानें भागलें नाहीं, तर दाणेदार तयार खाद्य कुटून कोमट पाण्यांत भिजवावें व त्याची पातळ पेज सुई काढलेल्या लहान पिचकारीनें भरवावी. पिचकारी समोरून न धरतां बाजूनें धरावी, एका वेळीं थेंब दोन थेंब सोडावे, आणि तो गिळेपर्यंत थांबावें. घाई केली तर अन्न श्वासनलिकेंत उतरतें. दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां, हा क्रम चालवावा लागतो. घरांतील माणसांनीं पाळ्या लावून घेतल्यास तो कोणा एकावर भार होत नाहीं.

प्रकृति सुधारते कीं बिघडते, हें डोळ्यांवरून ठरवूं नये, कारण दुखणें लपविणें हा या प्राण्याचा स्वभावच आहे. स्वयंपाकघरांतील काट्यावर रोज सकाळीं एकाच वेळीं त्याचें वजन करून वहींत टिपावें. 900 ग्रॅमचा प्राणी 810 वर आला, म्हणजे दहावा हिस्सा गेला. त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. लेंड्या कमी व बारीक होऊं लागणें हीही तशीच सूचना समजावी.

पडणें हें दांत तुटण्याचें एक कारण. पिंजऱ्याच्या तारा कुरतडणें हें दुसरें. तिसरें कारण आहारांत असतें. माणसाप्रमाणें गिनीपिगच्या शरीरांतही क जीवनसत्त्व तयार होत नाहीं. 1907 सालीं नॉर्वेंत होल्स्ट व फ्रोलिश या दोघा शास्त्रज्ञांनीं गिनीपिगना केवळ धान्यावर ठेविलें, तेव्हां त्यांस माणसाचा स्कर्व्ही हा रोग जडला. पुढें या जीवनसत्त्वाचा शोध लागण्यास तो प्रयोग फार उपयोगी पडला. तें कमी पडलें कीं हिरड्या व दांतांची मुळें दुबळी होतात. दर किलो वजनामागें रोज 10 ते 30 मिलिग्रॅम इतकी त्याची गरज असते. पेरूची लहान फोड, ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर यांतून ती भागूं शकते. पिण्याच्या पाण्यांत औषध टाकण्याचा भरंवसा धरूं नये, कारण तें पाण्यांत लवकर नासतें.

घरांतील औषधांच्या डब्यासही हात लावूं नये. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन हीं माणसास तारणारीं औषधें पोटांत गेल्यास गिनीपिगच्या आंतड्यांतील उपकारक जंतु मरतात व घातक जंतु माजतात. त्यानें प्राण दगावतो. वेदनेवरील औषधही पशुवैद्यानें सांगितलेलें, त्यानें ठरविलेल्या मापानेंच द्यावें.

रसायनीसारख्या ठिकाणीं आणखी कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. कोंकणच्या पावसांत सांठविलेल्या गवतास बुरशी येते, तें देऊं नये. रस्त्याकडेचें किंवा फवारणी झालेलें गवत आणूं नये. गायीबैलांचे वैद्य जवळ मिळतात, पण या लहान प्राण्याचे दांत पाहणारे पनवेल वा मुंबईस शोधावे लागतात. तो शोध प्राणी धडधाकट असतांनाच करून ठेवावा. प्रवासास सकाळची वेळ बरी, कारण उन्हाळ्याचा ताप हा प्राणी सोसूं शकत नाहीं.

मुंबईचें तर या प्राण्याशीं जुनें नातें आहे. 1905 सालापासून प्लेग संशोधन मंडळानें तेथील प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. जमिनीवर मोकळे सोडलेल्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढत व ते प्लेगनें मरत. पिसवेची उडी पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतले वांचत. परळच्या ज्या प्रयोगशाळेंत हें काम चालें, तिला 1925 सालीं हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें. पिसवेवर लक्ष ठेवून प्लेग अडविण्याचें ज्ञान माणसास असें या मुक्या जिवांच्या मोलानें मिळालें आहे.

नवे दांत आले म्हणजे ते समोरच्या जोडीशीं नीट मिळतात कीं नाहीं, हें कांहीं आठवडे पाहत राहावें. जोडीदाराविना राहिलेला दांत झिजत नाहीं, तो वाढून टाळूस वा ओठास टोंचतो. मुलांनीं प्राण्यास उभ्यानें न घेतां जमिनीवर बसून मांडीवर घ्यावें, एवढा एक नियम घरांत घालून द्यावा. मग एखाद्या सकाळीं किसलेलें गाजर बाजूस सारून तो अखंड काकडीलाच तोंड लावतो, आणि तिच्यावर दोन बारीक दांतांची खूण उमटते. त्या दिवशीं पिचकारी धुऊन ठेवण्यास हरकत नाहीं. वजनाची वही मात्र आणखी एक महिना चालूं ठेवावी.