आम्ल, आम्लारी आणि जमिनीचा सामू

रायपूरच्या आसपासच्या मैदानात शेतकरी आपल्या जमिनी चार नावांनी ओळखतो. उंचवट्यावरील तांबूस, खडेमिश्रित व उथळ जमीन ती भाटा. तिच्या खालच्या उतारावरील पिवळसर, हलकी जमीन ती मटासी. त्याखालची करड्या-तपकिरी रंगाची, मध्यम भारी जमीन ती डोरसा. आणि सखल भागातील काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन ती कन्हार. हे शेवटचे नाव भंडारा-गोंदियाकडील शेतकऱ्यांसही परके नाही. ही वर्गवारी रंग, पोत व जागा पाहून केलेली आहे. परंतु उतारावरून खाली येताना डोळ्यांना न दिसणारा आणखी एक गुण बदलत जातो. भाटा व मटासी जमिनी बहुधा आम्लधर्मी असतात. कन्हार जमीन उदासीन किंवा किंचित आम्लारिधर्मी असते. हा गुण म्हणजे काय, तो कसा मोजतात आणि त्या मोजमापावरून काय ठरविता येते, हे येथे पाहावयाचे आहे.

आम्ल व आम्लारी

लिंबू, चिंच व ताक यांचा आंबटपणा त्यांतील आम्लांमुळे असतो. याच्या उलट गुणाचे पदार्थ म्हणजे आम्लारी. चुन्याची निवळी हे त्यांचे घरोघरचे उदाहरण. प्रयोगशाळेतील पदार्थ मात्र चव घेऊन कधीही ओळखू नयेत. त्यासाठी रंग बदलणारे दर्शक वापरतात. हळदीत चुना मिसळताच ती तांबडी होते. तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी व आम्लारीत हिरवट दिसतो. हळद व जास्वंद हे असे स्वाभाविक दर्शकच होत.

आम्लाचे मर्म कशात आहे, हे मात्र पुष्कळ काळ उलगडले नव्हते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने ते ऑक्सिजनमध्ये आहे असे मानिले. हम्फ्री डेव्ही याने १८१० च्या सुमारास दाखवून दिले की, हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळीच नसतो. हायड्रोजन मात्र असतो. पुढे स्वीडनमधील आऱ्हेनियस याने १८८७ मध्ये आयनांची उपपत्ती मांडली. तिच्यानुसार पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजनचे धनभारित आयन देणारा पदार्थ ते आम्ल, आणि हायड्रॉक्सिल हे ऋणभारित आयन देणारा पदार्थ ती आम्लारी. दोहोंचा संयोग झाला की हायड्रोजन व हायड्रॉक्सिल मिळून पाणी बनते आणि बाकीच्या आयनांचा क्षार उरतो. या क्रियेस उदासीनीकरण म्हणतात. १९२३ मध्ये ब्रन्स्टेड व लाउरी यांनी ही कल्पना अधिक व्यापक केली: हायड्रोजनचा आयन देतो तो पदार्थ आम्ल, आणि तो स्वीकारतो तो पदार्थ आम्लारी.

सामू म्हणजे काय

शुद्ध पाण्यातही हायड्रोजनचे थोडे आयन असतात. २५ अंश सेल्सियस तापमानास १ कोटी लिटर शुद्ध पाण्यात ते सुमारे १ ग्रॅम भरतात. इतक्या लहान संख्या लिहिणे गैरसोयीचे असल्यामुळे कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन याने १९०९ मध्ये पीएच ही मोजपट्टी सुचविली. मराठीत शेतीच्या व्यवहारात तिला सामू म्हणतात. पूर्ण अंकांपुरती ही मोजपट्टी शून्ये मोजून समजून घेता येते. किती लिटर पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजन आयन आहेत, त्या संख्येवर जितकी शून्ये तितका सामू. कोटीवर सात शून्ये, म्हणून शुद्ध पाण्याचा सामू ७. लाखावर पाच, म्हणून लाख लिटरांत १ ग्रॅम आयन असल्यास सामू ५.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. सामू जितका कमी तितकी आम्लता अधिक. आणि सामू एका अंकाने उतरला की आम्लता दसपट होते. सामू ५ असलेले पाणी सामू ७ च्या पाण्याहून शंभरपट आम्ल असते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या आसपास, दुधाचा ६.६ च्या आसपास, मानवी रक्ताचा ७.३५ ते ७.४५, तर चुन्याच्या निवळीचा १२ हून अधिक असतो.

जमीन आम्ल का होते

हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ पावसाच्या पाण्याचाही सामू सुमारे ५.६ असतो. हे सौम्य आम्ल उंचावरील जमिनीतून झिरपताना तेथील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन नेते आणि चिकणमातीच्या कणांवरील त्यांच्या जागा हायड्रोजन व ॲल्युमिनियम घेतात. खालच्या कन्हार जमिनीत मात्र कॅल्शियम टिकून राहते. तिच्यात चुनखडीचे लहान खडेही सापडतात. अमोनियमयुक्त खतांचा वर्षानुवर्षे वापर केल्यासही आम्लता वाढते, कारण मातीतील जीवाणू अमोनियमचे नायट्रेट करताना हायड्रोजन आयन मोकळे करतात.

सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांना अपाय करू लागते, स्फुरद मातीतच जखडले जाते आणि कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू मंदावतात. सामू ८ च्या वर गेला तर उलट लोह व जस्त पिकास मिळेनासे होते.

तीव्रता आणि साठा

आम्लतेवर उपाय म्हणून जमिनीस चुना किंवा चुनखडीची भुकटी देतात. किती द्यावी, हे केवळ सामूवरून सांगता येईल काय? एक हिशेब करून पाहू. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे आकारमान १,५०० घनमीटर होते. त्याचा चौथा भाग पाणी धरला, तर ते पावणेचार लाख लिटर भरेल. त्या पाण्याचा सामू ५ असल्यास त्यात हायड्रोजनचे आयन अवघे पावणेचार ग्रॅम असतील. एक ग्रॅम आयनांच्या उदासीनीकरणास ५० ग्रॅम चुनखडी लागते; म्हणजे साऱ्या हेक्टरास पावशेराहूनही कमी चुनखडी पुरावी! प्रत्यक्षात अशा जमिनीस चुनखडी क्विंटलांनी, कधी टनांनी द्यावी लागते.

या तफावतीचे कारण असे की, पाण्यात मोकळे असलेले आयन हा आम्लतेचा अत्यल्प अंश होय. तिचा मोठा साठा चिकणमाती व सेंद्रिय द्रव्य यांच्या कणांवर धरून ठेवलेला असतो. पाण्यातील आयन संपताच या साठ्यातून नवे बाहेर येतात. म्हणून एकच सामू असलेल्या दोन जमिनींपैकी हलक्या जमिनीस थोडा व भारी जमिनीस पुष्कळ चुना लागतो. सामू आम्लतेची तीव्रता सांगतो, तिचा साठा नव्हे. साठा जाणण्यासाठी प्रयोगशाळेत चुन्याची गरज स्वतंत्रपणे काढावी लागते.

भाताच्या बांधीत

रायपूरच्या शेतीत भात हे मुख्य पीक असल्यामुळे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. बांधीत पाणी साचले की मातीतील प्राणवायू लवकरच संपतो. मग जीवाणू लोहाच्या संयुगांवर जी क्रिया घडवून आणतात, तीत हायड्रोजन आयन खर्ची पडतात व आम्ल जमिनीचा सामू वाढतो. याउलट, चुनखडीयुक्त जमिनीत कार्बन डायऑक्साइड साचून सामू उतरतो. काही आठवड्यांत दोन्ही जमिनी ७ च्या जवळपास येतात. म्हणून साचलेल्या पाण्यातील भातास आम्लतेची झळ कमी लागते. पाणी ओसरून जमीन वाळली की सामू पूर्वपदावर येतो, आणि त्याची झळ त्याच शेतातील हरभऱ्यास किंवा लाखोळीस लागते. मातीचा नमुना कोरड्या दिवसांत घेतलेला असेल, तर भातापुरता त्याचा अर्थ निराळा लावावा लागतो.

उपाय आणि विवेक

या मैदानाच्या पोटातच चुनखडीचे विस्तीर्ण थर आहेत. रायपूर व बलौदाबाजार भागातील सिमेंटचे कारखाने त्यांवरच चालतात. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो व ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. आम्ल नाहीसे करण्यास १०० किलो चुनखडी, ७४ किलो विरवलेला चुना किंवा ५६ किलो कळीचा चुना ही परिमाणे सारखीच होत. परंतु माल हाताशी आहे म्हणून तो सर्वत्र टाकणे योग्य नव्हे. भाटा जमिनीस उपकारक ठरणारा चुना कन्हार जमिनीत जस्त व लोह यांची उणीव निर्माण करू शकतो.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गुण नोंदविले जातात. सामू हा त्यांपैकी एक. शाळेतही तो मोजता येतो. २० ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवावी आणि वरच्या पाण्यात पीएच दर्शक कागद बुडवावा. उंचावरील व सखल अशा दोन शेतांची माती शेजारी शेजारी तपासल्यास फरक पुष्कळदा कागदावरच दिसतो. मिळालेल्या अंकासोबत माती हलकी की भारी, ती कोरडी होती की पाण्याखाली, आणि पुढे पीक कोणते घ्यावयाचे, हेही लिहून ठेवावे. म्हणजे त्या अंकाचा शेतीस खरा उपयोग होईल.