आजीचा झीरो एरर

फर्स्ट इयरला फिजिक्सच्या लॅबमध्ये स्क्रू गेज हातात दिला की सर पहिला प्रश्न काय विचारतात? "झीरो एरर बघितला का?" आपण अर्थातच बघितलेला नसतो. जर्नलमध्ये 'निल' लिहून मोकळे! हा लेख त्या झीरो एररबद्दल आहे, आणि माझ्या आजीबद्दल. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या नावावर.)

आमचं घर लोअर परळला, चाळीत. आजी तिथे गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. बावीस माणसं, तीन पाळ्या. शाळेची पायरी ती कधी चढली नाही, पण कोणाचे किती खाडे, कोण गावी गेलाय, पगाराच्या दिवशी कोणाकडून किती घ्यायचे, सगळं डोक्यात. आपल्या मेसमध्ये रजिस्टर असूनही खाड्यांवरून भांडणं होतात, म्हणून सांगते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, माणसं हळूहळू गावाला गेली आणि खानावळ संपली. बुडालेली उधारी मात्र ती अगदी अलीकडेपर्यंत नावानिशी सांगायची.

दोन वर्षांपूर्वी ती एकाच सकाळी दोनदा भात लावू लागली. मग एका दुपारी आई घरी आली तर परातभर पीठ मळलेलं. "दुसरी पाळी येईल ना," आजी म्हणाली.

पप्पा तिला जवळच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे एक चाचणी झाली, ३० मार्कांची. जगभर वापरतात ती, १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली. शंभरातून सात वजा करत जा. एका शब्दाची अक्षरं उलट्या क्रमाने सांगा. कागदावर लिहिलंय ते वाचून तसं करा. एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. आजीने आयुष्यात पेन धरलेलं नाही. तिला मिळाले ९. "बराच पुढे गेलेला आजार आहे," असं सांगण्यात आलं. घरी येऊन आम्ही गॅसचं बटण बंद केलं, कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या. आजी खिडकीत बसून राहिली. एवढी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती.

हॉस्टेलवर परत आल्यावर मला झोप येईना. त्या ३० मार्कांमधले आजाराने किती खाल्ले आणि शाळेत न जाण्याने किती? हाच तो झीरो एरर! वाचायला लागले तेव्हा कळलं की हा प्रश्न माझ्या कितीतरी आधी लोकांना पडलाय.

हरयाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत भारत आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून वृद्धांमधल्या स्मृतिभ्रंशाचा अभ्यास केला. तिथले बहुतेक म्हातारे निरक्षर. मग पिट्सबर्गच्या डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणीच नव्याने बांधली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. अक्षरं उलटी सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे. लिहिलेली सूचना वाचण्याऐवजी 'माझ्याकडे बघा आणि मी करते तसंच करा'. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल एक वाक्य बोला. मला हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मोजायचं तेच, पण पट्टी त्या माणसाच्या आयुष्यातली. घरच्यांसाठीही वेगळी प्रश्नावली केली गेली: निरोप नीट पोचवतात का, सणावारात भाग घेतात का, घरातल्या मोठ्या विषयांत मत देतात का. (मत? आमच्या आजीचं मत नाही असा विषयच नाही!)

आपल्या मुंबईतही मोठं काम झालंय. डॉ. वास, डॉ. चार्ल्स पिंटो आणि सहकाऱ्यांनी चाळिशीपुढच्या २४,४८८ लोकांची पाहणी केली, ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ६५ च्या पुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण निघालं २.४४ टक्के, त्यात सगळ्यात जास्त अल्झायमरचे. २०२३ साली आलेल्या देशपातळीवरच्या पाहणीत साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आजार वीस वर्षांत तिप्पट झाला असं यावरून म्हणता येत नाही. वयोगट वेगळा, माणसं वेगळी, पट्टीही वेगळी.

आणखी एक गोष्ट, आपल्यासारख्या खिचडी बोलणाऱ्यांसाठी. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि शाळेत न गेलेल्यांतही फरक दिसलाच. हे २०१३ चं संशोधन. भाषांमुळेच तसं होतं हे अजून पक्कं नाही, पण आजी घरात मालवणी, भाजीवाल्याशी हिंदी आणि खानावळीतल्या तेलुगू कामगारांशी मोडकं तेलुगू बोलायची हे मला लगेच आठवलं.

पट्टीला इतकं महत्त्व का? लेकॅनेमॅब नावाच्या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ते मेंदूत साठणारं अमिलॉइड नावाचं प्रथिन काढतं. १८ महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्के कमी झाली, बरं कोणी झालं नाही. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका आहेच. आणि ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरसाठी आहे. टप्पाच चुकीचा मोजला तर माणूस दारातूनच परत. शिवाय ते २७ टक्केही अशाच एका प्रश्नोत्तरांच्या पट्टीवर मोजलेले!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी बी-१२, थायरॉइड, स्कॅन करून घेतलं. मग मराठीत, शांतपणे, वेळ देऊन विचारलं. "आपण आत्ता कुठे आहोत?" "लोअर परळ." "जवळ काय आहे?" "फिनिक्स मिल." मी म्हणणार होते की आजी, आता मॉल आहे तिथे, पण डॉक्टरांनी हातानेच मला थांबवलं. वार उलटे सांगताना ती रविवार, शनिवार, शुक्रवार, गुरुवार इथपर्यंत आली आणि अडकली. "गुरुवारी मटण नाही हां," असं डॉक्टरांनाच बजावलंन.

यावेळी १८. आजार आहेच. पण सौम्य.

आता गॅस आई असतानाच चालू होतो. किल्ल्या आजीच्या कमरेला परत आल्यात, त्यातली एक कुठलं कुलूप उघडते ते कोणालाच माहीत नाही. लसूण तीच सोलते. मागच्या रविवारी मी निघताना तिने विचारलं, "काय गो, दुसरी पाळी जेवली काय?" मी म्हटलं, "जेवली." तर म्हणते, "मग पैसे घेतलेस काय?"