भर दुपारचा हुकूम आणि जेवणानंतरची दहा मिनिटे

२०२५ साली १५ जूनपासून बहारीनमध्ये दुपारी बारा ते चार या वेळात मजुरांकडून उघड्यावर काम करून घेण्यास मनाई करणारा हुकूम लागू झाला, आणि ज्या घरचा मुलगा, जावई वा धाकटा भाऊ आखातात नोकरीस आहे अशा सांगली-रत्नागिरीकडील घरांतून या वार्तेची चर्चाही झाली असेल. २००७ सालापासून दर उन्हाळ्यात पाळल्या जाणाऱ्या या नियमाची मुदत तोवर जुलै आणि ऑगस्ट अशी दोनच महिन्यांची होती. त्या वर्षी प्रथमच ती १५ सप्टेंबरपर्यंत वाढली, आणि नियम मोडणाऱ्या मालकास पाचशे ते हजार दिनार दंड, तीन महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही, अशी तजवीज कायद्यात आहे. या हुकुमाचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु मोकळ्या झालेल्या या चार तासांत माणसाने आपल्या देहाशी कसे वागावे हे कोणत्याही हुकुमात लिहिलेले नसते, आणि प्रकृतीचे पुष्कळसे बरेवाईट तर तिथेच ठरते, इतक्या साध्या सवयींवर की त्यांना आरोग्यशास्त्राच्या पंक्तीस बसविण्याचा कित्येकांना संकोच वाटतो.

अशा माणसांची एक वस्ती पाहा: नईम, बहारीनमधील मनामा शहराच्या पश्चिम अंगाची जुनी वस्ती. एके काळी समुद्र तिच्या दाराशी होता, आणि मलबारच्या किनाऱ्यावरून आलेल्या लाकडातून गलबते घडविणाऱ्या कारागिरांसाठी ती नावाजलेली होती. पुढे भराव पडत गेले, किनारा दूर सरला, आणि त्या जागी रस्ते व इमारती आल्या. १९६५ साली दिनार चलनात येईपर्यंत येथील बाजारात रुपयाच चालत असे, आणि येथील मोत्यांचे व्यापारी आपला माल विकण्यास मुंबईस जात, ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गल्ल्यांत हिंदी माणूस परका वाटत नाही. आज या भागात, किंवा त्याच्या आसपास, राहणारा मराठी माणूस ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. एक बांधकामावर राबणारा, पहाटेच काम सुरू करणारा आणि घामाने निथळणारा. दुसरा दुकानातला हिशेबनीस, कचेरीतला कारकून, मोटारीचा चालक, ज्याला दिवसभर वातानुकूलित हवेत एका जागी बसावे लागते. दोघांचे भोजन बहुधा सारखेच, भात-आमटी-भाजीचे आणि दोन वेळा भरपूर. दोघांच्या देहांची गरज मात्र अगदी भिन्न आहे, आणि सर्वांना एकच उपदेश करणाऱ्या आरोग्यपत्रकांचे वैगुण्य मला येथेच दिसते.

पहिल्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याचे शास्त्र सरळ आहे. बहारीन हे द्वीप असल्याने उन्हाळ्यात तेथील उष्म्याला समुद्राच्या दमटपणाची जोड मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये मध्यरात्रीही तापमान तिशीखाली क्वचितच उतरते, आणि हवाच ओलसर असल्यामुळे घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळल्याखेरीज तर देह निवत नाही. अशा हवेत तहान लागण्याची वाट पाहणे धोक्याचे, कारण तहानेची जाणीव शरीराच्या तुटीमागून येते. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, आणि एका तासात दीड लिटरच्या आतच, ही तज्ज्ञांनी घालून दिलेली मर्यादा आहे, आणि तिच्यातले ‘आतच’ हेही तितकेच महत्त्वाचे, कारण एकदम पोटभर पाणी ढोसल्याने रक्तातील क्षार पातळ होऊन अपाय होतो. शिवाय नवख्या माणसाच्या देहाला अशा उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी त्याला नेहमीच्या एक-पंचमांश एवढेच काम द्यावे आणि ते रोज थोडथोडे वाढवीत न्यावे, असा जाणकारांचा दंडक आहे. कालच विमानातून उतरलेल्या तरुणाला आज पुरत्या पाळीवर तैनात करणारा मुकादम त्याच्या मूत्रपिंडांशी खेळत असतो, हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही.

मला अधिक विस्ताराने लिहावयाचे आहे ते दुसऱ्या माणसाविषयी, बसणाऱ्याविषयी, आणि त्यासाठी वाचकांना नईमहून क्षणभर पुण्यास यावे लागेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयात मधुमेहाचा अभ्यास करण्यात ज्यांनी आपली हयात घालविली त्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनचे आपले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले, आणि त्यासोबत दोघांचे छायाचित्र होते. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक डॉक्टर काढतात तो दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३, म्हणजे दोघेही रूढ अर्थाने सडपातळ. परंतु युडकिन यांच्या देहात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के निघाले. काट्यावर समान ठरलेल्या दोन देहांच्या आत एवढी तफावत! हिंदी माणूस दिसावयास कृश असला तरी त्याच्या अंगात स्नायू थोडे आणि मेद अधिक, तोही पोटाभोवती साठलेला, हे याज्ञिकांनी आयुष्यभर दाखवून दिले, आणि त्याचे मूळ त्यांनी थेट गर्भावस्थेपर्यंत नेऊन भिडविले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या त्यांच्या पाहणीत नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ च्या आसपास. परंतु आपल्या बालकांत जे कमी पडले होते ते मुख्यतः मांस, मेद नव्हे. आखाती नोकरीसाठीच्या वैद्यकीय तपासणीत ज्याचे वजन पाहून ‘प्रकृती ठीक’ असा शेरा मिळतो, त्या मराठी तरुणाने या शोधाची आठवण ठेवावी.

स्नायूंची ही उणीव जेवणानंतर जाणवते. भातातील पिष्टाची साखर होऊन ती रक्तात उतरते, आणि तिची सर्वांत मोठी वखार म्हणजे स्नायू. बसलेल्या माणसाच्या स्नायूंना ही साखर आत घेण्यासाठी इन्सुलिनचा परवाना लागतो. चालणाऱ्या माणसाच्या आकुंचन पावणाऱ्या स्नायूंत मात्र साखरेची दारे त्या परवान्यावाचूनही उघडतात. यामुळेच जेवणानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात टाकलेली पावले ही सकाळी टाकलेल्या तितक्याच पावलांहून वेगळे काम करतात. २०१३ साली अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोरेटा डिपिएट्रो यांनी साठी ओलांडलेल्या व मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या काही व्यक्तींची तपासणी केली. तेव्हा एकदाच पंचेचाळीस मिनिटे चालण्यापेक्षा तीन जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालल्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर अधिक चांगली आटोक्यात राहते, असे आढळले. पाहणी लहान होती. परंतु २०२२ साली आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठातील संशोधकांनी निरनिराळ्या प्रयोगांचे एकत्रित परीक्षण केले, आणि बैठकीत मधूनमधून दोन ते पाच मिनिटांचे सावकाश चालणेही उपकारक ठरते, असाच त्याचा निष्कर्ष निघाला. आपल्या आज्या-पणज्या शतपावली घातल्यावाचून अंथरुणाला पाठ टेकू देत नसत, तो आग्रह व्यर्थ नव्हता.

याउलट रोज दहा हजार पावलांचा जो आकडा आज प्रत्येक मनगटावरील यंत्र वेदवाक्यासारखा सांगते, त्याचा उगम प्रयोगशाळेत नाही. १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ साली सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष मांडला, त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांतही मृत्यूचे प्रमाण अगदी थोडे चालणाऱ्यांपेक्षा लक्षणीय घटलेले दिसले, आणि ७,५०० च्या सुमारास हा लाभ वाढावयाचा थांबला. नईमच्या उन्हाळ्यात, जेथे सूर्यास्तानंतरही रस्ता भट्टीसारखा तापलेला असतो, दहा हजारांचे उद्दिष्ट माणसाला केवळ अपराधी करून सोडते. दहा मिनिटे मात्र इमारतीच्या लांब मार्गिकेत, जिन्यावर, कचेरीच्या दालनात वा थंड केलेल्या बाजारपेठेत सहज साधतात. जिन्याला कमी लेखू नये. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास केला, त्यात दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयरोग पुष्कळ कमी आढळला होता, आणि दोघेही एकाच गाडीतून, एकाच धुरात फिरत होते.

आणखी एक सवय, सांगितलीच पाहिजे अशी: करक. दाट आटवलेल्या दुधाचा, वेलची घातलेला, मनमुराद साखरेचा हा चहा आखातात स्नेहाचे दुसरे नाव होऊन बसला आहे, आणि प्रत्येक कोल्ड स्टोअरपाशी, म्हणजे गल्लीतल्या किराणा दुकानापाशी, प्रत्येक विश्रांतीच्या क्षणी, तो पुढे केला जातो. बहारीनने २०१७ च्या अखेरीस फसफसणाऱ्या गोड पेयांवर पन्नास टक्के आणि उत्तेजक पेयांवर शंभर टक्के कर बसविला तो योग्यच. पण दिवसातून पाच वेळा घेतल्या जाणाऱ्या पेलाभर करकवर कोणता सरकारी कर बसणार? करक सोडा, असे मी म्हणणार नाही, कारण परमुलखात जिव्हाळ्याची जागा कुणी हिरावून घेऊ नये. पाचांतले तीन बिनसाखरेचे घ्या, आणि भर दुपारी त्याच कोल्ड स्टोअरमधून लबन आणा; आपल्या ताकाचाच तो भाऊ आहे.

अर्थात सवयींचा सगळा भार एकट्या माणसाच्या खांद्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. ज्या खोलीत अनेक जण पाळीपाळीने झोपतात तेथे ‘वेळेवर निजा’ हा उपदेश पोकळ ठरतो, आणि ज्याची कंपनीची गाडी पहाटे निघते त्याला प्रातःकालीन फेरफटका सुचविणेही तसेच. म्हणून माझी सूचना मालकांना आहे: विश्रांतीसाठी जी छायेची वा थंड खोली द्यावयाची ती अशी असावी की जेवण झाल्यावर माणसाला तेथे वीसेक पावलांची येरझार घालता यावी, आणि त्यानंतरच आडवे व्हावयास जागा मिळावी. ज्याने पहाटेपासून फावडे मारले त्याने खुशाल आधी वामकुक्षी घ्यावी, त्याच्या स्नायूंनी आपले काम केलेले असते. कारकुनाने आणि चालकाने मात्र आधी चालावे, मग लवंडावे.

सप्टेंबरच्या पंधराव्या तारखेला हुकुमाची मुदत संपते, ऊन मात्र त्या तारखेला संपत नाही, आणि गणपतीच्या रजेवर गावी येऊन परतलेल्या कित्येकांचे देह तोवर त्या हवेला पुन्हा अनोळखी झालेले असतात. अशांच्या घरच्यांना एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. बहारीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तासांनी मागे असते. तेथे रात्रीचे जेवण आटोपून मुलगा आठ वाजता फोन करतो तेव्हा गावी साडेदहा झालेले असतात, आणि आईच्या डोळ्यांवर झोप असली तरी ती जागीच असते. फोन आला की पहिल्याच वाक्यात तिने त्याला पलंगावरून उठवावे, आणि बोलणे संपेपर्यंत मार्गिकेत येरझार घालावयास लावावे; घरची, शेताची, पावसाची हकीकत सांगता-ऐकता पंधरा मिनिटे तर जातातच.