पस्तीस पौंडांची गढी

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे परगण्यात, गॉर्ट गावाजवळ ओढ्याकाठी एक चौकोनी दगडी गढी उभी आहे. १९१७ साली डब्ल्यू. बी. येट्स या कवीने ती शेजारच्या शाकारलेल्या घरासकट अवघ्या पस्तीस पौंडांना विकत घेतली. स्वस्त पडली म्हणावी, तर तिला धड छप्पर नव्हते! कवी आणि व्यवहार यांचे नाते आपण जाणतोच. परंतु येट्सला हा परिसर कित्येक वर्षांपासून ठाऊक होता. याच बॅलिलीत राहून गेलेल्या मेरी हाइन्स नावाच्या लावण्यवतीच्या आणि तिचे गुण गाणाऱ्या राफ्टरी या अंध शाहिराच्या आठवणी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी तो येथे भटकला होता. त्याची स्नेही लेडी ग्रेगरी हिचा वाडाही जवळच होता.

मध्ययुगात आयर्लंडमधील सरदार-जमीनदारांनी अशा गढ्या जागोजाग बांधल्या. किल्ला म्हणावा तर लहान, घर म्हणावे तर जाडजूड भिंतींचे. ही गढी डी बर्गो घराण्याची. १५८५ च्या कागदपत्रांत तिची नोंद सापडते. चार मजले, प्रत्येक मजल्यावर एक मोठी खोली, आणि भिंतीच्या पोटातूनच गरगरत वर जाणारा दगडी जिना. शत्रूला रोखण्यास बांधणी उत्तम. संसार मांडायचा म्हटले की पंचाईत.

तो संसार मांडला येट्स आणि त्याची नवपरिणीत पत्नी जॉर्ज यांनी. डब्लिनच्या विल्यम स्कॉट यांनी नकाशे काढले, गावच्या गवंड्यासुतारांनी काम केले. जुन्या गिरणीच्या फळ्या आणल्या, लोखंडी काम गॉर्टच्या लोहाराकडून करवून घेतले. उतरत्या छपराचा बेत मात्र सोडावा लागला. सपाट छतावर भागले. १९१९ पासून उन्हाळ्यात कुटुंब येथे राहू लागले. येट्सने गढीला नाव दिले ‘थूर बॅलिली’. थूर म्हणजे आयरिश भाषेत मनोरा.

१९२२ च्या यादवी युद्धात बंडखोरांनी एका रात्री गढीलगतचा पूल सुरुंगाने उडवला. आत पतिपत्नी आणि दोन लहानगी मुले! बाहेर पडू नका, एवढी ताकीद मिळाली होती; जाताना मात्र मंडळी चक्क आभार मानून गेली. पुलाच्या ढिगाऱ्याने ओढा तुंबला आणि पाणी खालच्या खोलीत शिरले.

हे पाणीच गढीचे खरे वैरी. गॉर्टभोवतालची जमीन चुनखडीची. येथील ओढे मध्येच भूमिगत होतात, मैलभर पुढे पुन्हा प्रकटतात. हिवाळ्यातील पावसाने भुयारे भरली की पाणी वर चढते. डी बर्गोंच्या भिंतींनी तलवारी अडवल्या असतील; ही ओल कोण अडवणार?

येट्सच्या प्रकृतीलाही ती मानवली नाही. १९२८ साली ‘द टॉवर’ हा काव्यसंग्रह निघाला आणि त्याच सुमारास येथला मुक्काम संपला. पुढच्या काळात त्याची गाठ पडली ती वऱ्हाडातील बडनेऱ्यात जन्मलेल्या श्री पुरोहित स्वामींशी. कैलासयात्रेवरील भगवान श्री हंस यांच्या मराठी पुस्तकाचा स्वामींनी इंग्रजी अनुवाद केला, त्याला १९३४ साली प्रस्तावना लिहिली येट्सने. दोघांनी मिळून इंग्रजीत आणलेली दहा उपनिषदे १९३७ साली प्रसिद्ध झाली.

इकडे गढी ओस पडली. गढीवरच्या शिलालेखासाठी येट्सने काही ओळी लिहून ठेवल्या होत्या. सगळे पुन्हा ढासळेल तेव्हा निदान ही अक्षरे उरोत, असे मागणे त्यात आहे. ढासळणार हे त्याने गृहीतच धरले होते! ते गावकऱ्यांनी धरले नाही. मेरी हॅनली या बाईंनी १९६१ साली किल्टार्टन सोसायटी स्थापली, खटपट केली, आणि १९६५ साली, कवीच्या जन्मशताब्दीला, दुरुस्त गढी लोकांसाठी उघडली. आमच्या मते या बाईंचे कर्तृत्व कवीहून उणे नाही. येट्सने आपले घर सावरले, हिने दुसऱ्याचे.

२००९ च्या महापुराने गढीला पुन्हा कुलूप लागले. काही वर्षे ती बंदच राहिली. मग स्थानिक मंडळींनी संस्था काढली, वर्गणी जमवली, चिखल उपसला, आणि १३ जून २०१५ रोजी, येट्सच्या दीडशेव्या जन्मदिनी, दार उघडले. त्याच हिवाळ्यात ओढा पुन्हा आत आला. मंडळींनी पुन्हा खोली धुऊन काढली.